कॉम्प्युटरचा आवाज गेला तर फॉरमॅट मारायच्या आधी काय काय बघायचं

कॉम्प्युटर चालू आहे, स्क्रीनवर सगळं दिसतंय, व्हिडिओ पळतोय आणि आवाज मात्र अजिबात नाही, हा प्रॉब्लेम घरोघरी येतो आणि बऱ्याच घरांत त्याचा शेवट "फॉरमॅट मारावा लागेल" या एका वाक्यावर होतो. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण फॉरमॅट मारून आवाज येईल किंवा येणार पण नाही, पण डेस्कटॉपवर तसेच पडलेले मुलांचे फोटो, कुणाच्या दुकानाचा हिशोब, कुणाचा अर्धा टाइप केलेला प्रोजेक्ट, हे मात्र बॅकअप नसेल तर नक्की जातं. आणि बहुतेक वेळा काही बिघडलेलंच नसतं, आवाज तयार होत असतो पण भलतीकडेच जात असतो.

घरातली लाईट गेली की आपण काय करतो, आधी खिडकीतून शेजारच्यांकडे बघतो, त्यांची पण गेली असेल तर प्रश्न बाहेरचा, त्यांची असेल तर आपला एमसीबी बघतो, तो वर असेल तर एका खोलीचं बटण बघतो, म्हणजे प्रत्येक वेळी अर्धी शक्यता बाद करत जातो, कोणी एकदम भिंत फोडून वायरिंग काढत नाही. आवाजाचं पण अगदी असंच करायचं. त्यासाठी आवाज कुठून कुठे जातो हे एकदा डोक्यात बसलं पाहिजे, ते बसलं की बाकीचं सोपं आहे.

गाणं फाइलमध्ये असो नाहीतर यूट्यूबवर, ते आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या क्वालिटीचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि ते पण डावीकडचे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे. ब्राउझर किंवा प्लेअर हे आकडे विंडोजला देतो, विंडोज सगळ्या ॲप्सचे आकडे एकत्र मिसळतं आणि ठरवतं की हे कुठल्या डिव्हाइसला पाठवायचे, मग ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि चिप यांच्यातला दुभाषी प्रोग्राम, ते साउंड चिपपर्यंत पोचवतो, चिप त्या आकड्यांवरून विजेचे बारीक चढउतार बनवते, ते मागच्या हिरव्या पोर्टमधून वायरने स्पीकरकडे जातात, स्पीकरमधला ॲम्प्लिफायर ते मोठे करतो आणि मग आपल्याला ऐकू येतं. एवढ्या सगळ्या टप्प्यांपैकी एका ठिकाणी जरी अडलं तरी रिझल्ट एकच, शांतता. त्यामुळे नुसतं "आवाज येत नाही" यावरून कोणालाच काही सांगता येत नाही, मोठ्या इंजिनिअरला पण नाही.

सुरुवात शेवटच्या टोकाकडून करा, कारण ते तपासायला मिनिटभर पण लागत नाही. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि मोबाइलला लावा, हल्लीच्या बऱ्याच मोबाइलला गोल पिनचं भोक नसतं, मग घरातला टीव्ही, जुना फोन, कोणाचा लॅपटॉप, काहीही चालेल. तिथे वाजला तर स्पीकर आणि वायर दोन्ही ओके, प्रश्न कॉम्प्युटरमध्ये. तिथे पण नाही वाजला तर कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नाही, स्पीकरकडे बघा.

आपल्याकडे घरोघरी ते वूफरवाले सेट असतात, एक मोठा डबा आणि दोन छोटे स्पीकर, त्यात ब्लूटूथ, एफएम, पेनड्राइव्ह सगळं असतं. त्यावर मोडचं एक बटण असतं, सेट एफएम किंवा ब्लूटूथ मोडवर असेल तर कॉम्प्युटरच्या वायरमधून कितीही आवाज आला तरी तो ऐकू येणार नाही, तो ऑक्सवरच, म्हणजे वायरने आलेला आवाज घ्यायच्या मोडवरच पाहिजे. आणि काही सेट लाईट जाऊन आली की आपोआप ब्लूटूथ मोडवर जाऊन बसतात, म्हणजे काल रात्री चालत होतं आणि सकाळी बंद, कोणी हात पण लावला नाही, असं वाटतं. रिमोटवर म्यूट दाबलं गेलंय का, मागचा व्हॉल्यूमचा गोल नॉब शून्यावर आहे का, ॲडॉप्टर बोर्डात सैल झालाय का, हे पण बघा. कोकणात किंवा कुठेही दमट हवेत पावसाळ्यानंतर पिनवर एक काळपट थर धरतो, पिन सुक्या कपड्याने पुसून भोकात दोनचार वेळा आतबाहेर केली, जरा फिरवली की आवाज परत येतो. वायर टेबलामागून जात असेल तर सगळीकडून हात फिरवून बघा, उंदीर असतील त्या घरात वायर कुरतडलेली सापडू शकते.

पिन कुठे लावलीये ते पण बघा. मागच्या बाजूला सहसा तीन भोकं असतात, हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. हे रंग १९९० च्या दशकाच्या शेवटी मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ या नियमावलीत ठरले आणि आजही तेच चालतात. कॅबिनेट साफ करायला सरकवलं, पिन्स काढल्या, परत लावताना अंधारात चाचपडत गुलाबीत गेली, हे फार होतं, मोबाइलचा टॉर्च मारून एकदा बघून घ्या. पुढच्या बाजूची भोकं वेगळी भानगड आहे, ती कॅबिनेटची असतात, आतल्या मदरबोर्डाची नाही. तिथून आत एक पातळ वायर बोर्डापर्यंत जाते आणि तिचं कनेक्टर, ज्याच्यावर एचडी ऑडिओ लिहिलेलं असतं, ते असेंबल करताना लावायचंच राहिलेलं असतं किंवा साफसफाईत निघालेलं असतं. म्हणून पुढे आवाज नाही आला तर निष्कर्ष काढू नका, मागे लावून बघा, आणि मागे आला तर तुमचा कॉम्प्युटर ठीक आहे, फक्त ती आतली वायर बघायचीये.

आता एक विचित्र केस सांगतो जी बऱ्याच जणांना कळत नाही. गाणं लावलं की म्युझिक ऐकू येतं, लांबून आल्यासारखं, पोकळ, पण गायकाचा आवाजच गायब. लोकांना वाटतं व्हायरस आहे किंवा ड्रायव्हर गेला. खरं कारण असं की पिन पूर्ण आत गेलेली नसते. पिनला तीन भाग असतात, डावा, उजवा आणि दोघांची परतीची कॉमन वायर, ती कॉमनच जर टेकली नाही तर तुम्हाला डावं आणि उजवं यांच्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो त्यामुळे फरकात तो शून्य होतो, आणि वाद्यं थोडी डावीउजवीकडे असतात म्हणून ती उरतात. जुनी मराठी गाणी तर बरीचशी मोनो रेकॉर्डिंगची, म्हणजे दोन्हीकडे अगदी एकच, ती जवळजवळ संपूर्ण गायब होतात! पिन जोरात दाबून टक आवाज येईपर्यंत आत ढकला. मोबाइलचे माइकवाले इयरफोन डेस्कटॉपला लावले की पण असं होऊ शकतं, कारण त्यांच्या पिनेला तीनच्या जागी चार भाग असतात आणि ते जुळत नाहीत. इयरफोनवरचं बटण दाबून धरल्यावर आवाज नीट होतो आणि सोडल्यावर परत पोकळ होतो, असं असेल तर हेच कारण आहे असं समजा, एक छोटा स्प्लिटर मिळतो तो घ्या, त्याची माइकची पिन वेगळी आणि हेडफोनची वेगळी होते.

स्पीकर ठीक आहे, पिन ठीक आहे, तरी आवाज नाही, आता कॉम्प्युटरच्या आत शिरूया, आणि इथे एक गोष्ट आहे जी माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जो छोटा डबा उघडेल त्यात एमएमएसवायएस डॉट सीपीएल असं इंग्लिशमध्ये टाइप करून एंटर मारा. हे जमत नसेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन सगळ्यात खाली मोर साउंड सेटिंग्ज आहे, तिथून पण तीच खिडकी उघडते. त्यात प्लेबॅक नावाच्या टॅबमध्ये तुमच्या कॉम्प्युटरला माहीत असलेल्या सगळ्या आवाजाच्या वाटा दिसतात, आणि प्रत्येकीच्या उजव्या हाताला एक उभी पट्टी असते. आता एखादं गाणं चालू करा आणि नुसतं त्या पट्ट्यांकडे बघत बसा.

कुठल्याच नावापुढे हिरवं काही हललं नाही तर आवाज तिथपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे घोळ ॲपचा, ब्राउझरचा किंवा विंडोजच्या ऑडिओ सर्व्हिसचा, म्हणजे मागे चालून आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा. हिरवी पट्टी नाचतीये पण तुमच्या स्पीकरच्या नावापुढे नाही, मॉनिटरच्या किंवा कुठल्यातरी इयरबड्सच्या नावापुढे नाचतीये, तर सापडला प्रॉब्लेम, आवाज तिकडे चाललाय. आणि पट्टी तुमच्या स्पीकरच्याच नावापुढे नाचतीये तरी शांतता, तर विंडोजने आपलं काम केलंय, पुढे बघायचं, ड्रायव्हर, चिप, पोर्ट, वायर. एक खिडकी उघडून तुम्ही दोन तृतीयांश शक्यता बाद केल्या. रिपेअरला कोणी घरी आला तर त्याला पण आधी हीच खिडकी उघडायला सांगा.

यातली मधली केस, म्हणजे आवाज भलत्याच ठिकाणी जाणं, ही सगळ्यात जास्त वेळा निघते, आणि त्यात पण मॉनिटर. जुना मॉनिटर निळ्या पिनवाल्या व्हीजीए वायरने लागायचा, त्या वायरमधून फक्त चित्र जायचं. नवीन मॉनिटर आणला, तो एचडीएमआयने लावला, आणि एचडीएमआयमधून २००२ सालच्या पहिल्या व्हर्जनपासूनच चित्राबरोबर आवाज पण जातो. त्यामुळे विंडोजला वाटतं अरे नवीन आवाजाचं डिव्हाइस आलं, आणि ते बरेचदा आवाज तिकडे वळवून टाकतं. मॉनिटरमध्ये स्पीकर नसेल तर तो आवाज जातो आणि तिथेच संपतो. माणूस म्हणतो मॉनिटर बदलला आणि आवाज गेला, दुकानदार म्हणतो मॉनिटरचा आवाजाशी काय संबंध, आणि दोघं भांडत बसतात. ग्राफिक्स कार्ड नवीन टाकलं तरी हेच, कारण त्या कार्डात एचडीएमआयच्या आवाजाची स्वतःची सोय असते, म्हणून यादीत एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ असं एक अनोळखी नाव दिसायला लागतं.

उपाय साधा. त्याच प्लेबॅकच्या खिडकीत तुमच्या स्पीकरच्या नावावर, बहुतेक ठिकाणी ते स्पीकर्स आणि पुढे रिअलटेक असं असतं, त्यावर राइट क्लिक करून सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस करा. मॉनिटरमधून कधीच आवाज नको असेल तर त्याच्या नावावर राइट क्लिक करून डिसेबल करून टाका म्हणजे पुढच्या अपडेटनंतर परत तेच नको. स्पीकरचं नावच यादीत नसेल तर रिकाम्या जागेत राइट क्लिक करून शो डिसेबल्ड डिव्हायसेस आणि शो डिस्कनेक्टेड डिव्हायसेस या दोन्हींवर टिक करा, कधी कधी कोणीतरी चुकून बंद केलेलं असतं आणि ते लपलेलं असतं. विंडोज ११ वर रोजच्यारोज बदलायचं असेल तर विंडोज, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबलं की आउटपुटची यादी समोर येते, फार सोयीचं आहे. आणि उलट पण बघा, मॉनिटरच्या मागे गोल पिनचं भोक असेल तर स्पीकर सरळ तिथे लावला तरी चालतं.

ब्लूटूथची पण हीच गोष्ट. कपाटातले इयरबड्स डबीचं झाकण नीट लागलं नाही म्हणून जागे असतात, लॅपटॉपला जोडले जातात, आणि आवाज कपाटात वाजत असतो. विंडोज १० वर तर एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्सफ्री, मीटिंग चालू झाली आणि माइक लागला की हेडफोन हँड्सफ्रीवर जातो आणि तेवढा वेळ स्टिरिओवाल्या नावाला पाठवलेलं गाणं ऐकू येत नाही. हा बिघाड नाही, ब्लूटूथच्या त्या जुन्या पद्धतीत चांगला आवाज आणि माइक दोन्ही एकदम जमत नाहीत. शंका असेल तेव्हा आधी ब्लूटूथ बंद करून बघा.

आता पहिली केस, कुठलीच पट्टी हलत नाही. आधी दुसऱ्या ॲपमध्ये काहीतरी वाजवून बघा, यूट्यूब गप्प असेल तर कॉम्प्युटरमधली एखादी गाण्याची फाइल लावा. फाइल वाजली तर प्रश्न फक्त ब्राउझरचा. क्रोमच्या टॅबवर राइट क्लिक केलं की म्यूट साइट असतं, ते चुकून दाबलं गेलं की त्या साइटचा आवाज कायमचा बंद, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा नाहीतर काहीही करा, ते लक्षात ठेवलेलं असतं, तिथेच जाऊन अनम्यूट करायचं. बातम्यांच्या साइटवर व्हिडिओ आपोआप सुरू होतो पण आवाज नसतो, तो तर मुद्दाम आहे, २०१८ पासून क्रोम आपणहून सुरू होणारे आवाजासकटचे व्हिडिओ अडवतो, व्हिडिओवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करायचं. आणि व्हॉल्यूम मिक्सर विसरू नका, विस्टा २००७ मध्ये आलं तेव्हापासून विंडोज प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा ठेवतं, खालच्या कोपऱ्यात शंभर दिसत असलं तरी त्या एका ॲपची पट्टी शून्यावर असू शकते. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून तर प्रत्येक ॲपला वेगळं डिव्हाइस पण देता येतं, म्हणजे सगळं स्पीकरवर आणि झूम एकटा हेडफोनवर असं होऊन बसतं, तिथे खाली रिसेट बटण आहे ते दाबलं की सगळं मूळ जागी.

आवाज गेला नाही पण एकदम बारीक झाला, कॉल लागला की गाणं कुजबुजल्यासारखं होतं, अशी तक्रार असेल तर त्याच साउंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचे हे विंडोजचं मूळ सेटिंगच आहे, तिथे डू नथिंग करा.

कुठल्याच ॲपमधून पट्टी हलत नसेल तर खालच्या स्पीकरच्या चिन्हावर माउस नेऊन थांबा आणि जे लिहून येतं ते नीट वाचा, कारण वाक्यावाक्यात फरक आहे. ऑडिओ सर्व्हिस इज नॉट रनिंग असं असेल तर स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, यादीत विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर अशी दोन नावं आहेत, दोन्हींवर राइट क्लिक करून रीस्टार्ट करा, आणि स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक आहे ना बघा. आणि नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड असं असेल तर विंडोजला साउंड चिपच दिसत नाहीये, म्हणजे ड्रायव्हरकडे जायचं. तिसऱ्या केसमध्ये, म्हणजे स्पीकरच्या नावापुढे पट्टी नाचतीये तरी शांतता, तेव्हा पण इथेच यायचं.

पण ड्रायव्हरच्या आधी रीस्टार्ट, आणि इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या. लोक म्हणतात मी चार वेळा बंद करून चालू केला तरी आवाज नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचं सेटिंग आहे आणि बऱ्याच कॉम्प्युटरवर ते आधीपासूनच चालू असतं. त्यात तुम्ही शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा आणि त्यातले ड्रायव्हर पूर्ण बंद होत नाहीत, त्यांची आहे ती अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते म्हणून कॉम्प्युटर पटकन चालू होतो. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो! रीस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून शट डाउन नाही, मेनूमधलं रीस्टार्टच दाबा. त्याने पण नाही झालं तर डेस्कटॉप बंद करून भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा, पॉवरचं बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि मग चालू करा, अडकलेली चिप अशाने सुटू शकते.

ड्रायव्हरचं नाव ऐकून घाबरू नका. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स उघडा. बहुतेक बोर्डांवर तैवानच्या रिअलटेक कंपनीची चिप असते, कॅबिनेट उघडलं तर बोर्डावर तिचा खेकड्याचा लोगो पण दिसतो. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडलाय, खाली तोंड केलेला बाण असेल तर कोणीतरी डिसेबल केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा. आवाज अपडेटनंतर लगेच गेला असेल तर प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर बघा, ते बटण दाबता येत असेल तर आधीचा ड्रायव्हर परत येतो. अपडेटने आवाज जाणं ही लोकांची कल्पना नाही, ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज अपडेटमधून इंटेलचा एक ऑडिओ ड्रायव्हर चुकून भलत्याच कॉम्प्युटरवर गेला होता आणि त्यांचा आवाज बंद झाला होता, मायक्रोसॉफ्टने स्वतः ते मान्य करून तो काढायचं अपडेट दिलं. तेव्हा पण फॉरमॅटची काही गरज नव्हती.

रोल बॅक नसेल तर दुसरा रस्ता आणि तो मला जास्त आवडतो. इंटेलने २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ नावाची एक कॉमन पद्धत काढली, चिप कुठल्याही कंपनीची असो बोलायची भाषा एकच, त्यामुळे विंडोजकडे एक सर्वसाधारण ड्रायव्हर तयारच असतो जो अशा जवळपास सगळ्या चिप्सवर चालतो. रिअलटेकच्या नावावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, लेट मी पिक, आणि यादीतून हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस निवडा. इक्वलायझर वगैरे जाईल पण आवाज येईल. फक्त हल्लीच्या काही लॅपटॉपमध्ये इंटेल स्मार्ट साउंड असतं, तिथे हा उपाय चालेलच असं नाही, तिथे लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून तिथलाच ड्रायव्हर घ्यायचा. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरला बोर्डाचं नाव माहीत नसेल तर स्टार्टमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन शोधा, बेसबोर्डच्या ओळीत मिळेल.

आणि हे मी कळकळीने सांगतो, गुगलवर ड्रायव्हर शोधताना वरती जी फुकट ड्रायव्हर अपडेटरची जाहिरात येते ते अजिबात घेऊ नका, ते स्कॅन करून पन्नास ड्रायव्हर खराब आहेत असं लाल अक्षरात दाखवतात आणि पैसे मागतात. त्याहून वाईट म्हणजे सर्चमध्ये दिसलेल्या कुठल्यातरी कस्टमर केअर नंबरवर फोन करणं, समोरचा स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावतो आणि आवाजाच्या नावाखाली बँकेपर्यंत पोचतो. घरातल्या आईबाबांना, आजोबांना हे आधीच सांगून ठेवा, आवाज दोन दिवस नसला तरी चालेल.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपचं नावच नसेल तर कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये जा, तिथे एचडी ऑडिओ कंट्रोलर किंवा ऑनबोर्ड ऑडिओ असं काहीतरी असतं, ते एनेबल्ड पाहिजे. लॅपटॉपवाल्यांनी अजून एक बघायचं, हेडफोन काढला तरी लॅपटॉपला वाटत राहतं की तो लावलेलाच आहे, कारण भोकाच्या आतली ती छोटी पत्ती कचऱ्याने अडकते, स्क्रीनवर हेडफोनचं चिन्ह दिसत राहतं. पिन हलक्या हाताने पाचसहा वेळा आतबाहेर करा, सुई टोचू नका.

एवढं करून पण नक्की कळत नसेल की चिप मेली का विंडोज बिघडलंय, तर एक पक्की टेस्ट आहे. पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्स जातीची फुकट सिस्टीम, टाकून त्यावरून कॉम्प्युटर चालू करा आणि इन्स्टॉल न करता ट्राय उबुंटू निवडा, तुमच्या डिस्कला हात लागत नाही. तिथे आवाज आला तर हार्डवेअर ठणठणीत आहे, कोणी बोर्ड बदलायला सांगितलं तर देऊ नका. नाही आला तर मात्र लगेच चिपवर खापर फोडू नका, अगदी नवीन लॅपटॉपचा ऑडिओ लिनक्सला कधी कधी ओळखता येत नाही.

आणि चिप खरंच गेली असेल तरी बोर्ड बदलायचं काही कारण नाही. यूएसबी साउंड कार्ड म्हणून पेनड्राइव्हएवढी वस्तू मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, ऑनलाइन मिळते, साधी दोनतीनशे रुपयांच्या आसपास येते, आणि तिच्यात आकड्यांचा आवाज करणारी पूर्ण वेगळी चिप असते. यूएसबीत लावा, स्पीकरची पिन तिच्यात लावा, विंडोज तिला स्वतःच ओळखतं, मग प्लेबॅकच्या खिडकीत तिला डिफॉल्ट करा, झालं. टेस्टसाठी पण ती उपयोगाची आहे, तिच्यातून आवाज आला आणि बोर्डाच्या पोर्टमधून नाही आला तर विंडोजचा वरचा सगळा भाग बरोबर आहे हे आपोआप सिद्ध होतं.

ज्यांना दिसत नाही आणि जे एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात त्यांच्यासाठी तर आवाज जाणं म्हणजे सगळा कॉम्प्युटरच जाणं, वर लिहिलेल्या खिडक्या उघडल्या तरी त्यात काय आहे ते सांगणारा आवाजच नसतो. त्यांच्या घरी एक यूएसबी हेडफोन किंवा हे छोटं कार्ड कायम हाताशी असलंच पाहिजे असं मला वाटतं, कारण यूएसबीचं डिव्हाइस लावलं की विंडोज सहसा आवाज आपोआप तिकडे वळवतं, काही न बघता. ते लावून कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबलं की एनव्हीडीए नव्याने सुरू होतो, तो नाही बोलला तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून विंडोजचा स्वतःचा नॅरेटर चालू करा. नॅरेटर बोलला आणि एनव्हीडीए नाही, तर एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये आउटपुट डिव्हाइस जुन्याच, आता नसलेल्या स्पीकरवर अडकलेलं असू शकतं, नॅरेटरच्या मदतीने तिथे जाऊन ते बदलायचं.